पंप शेवटच्याकडे

पारोळ्याहून धुळ्याकडं निघालं की सात-आठ किलोमीटरवर हायवेला आमचा फाटा लागतो. चहाची एक टपरी, एसटीचं पत्र्याचं शेड आणि लगेच गाव. जिनिंग मिल पारोळ्याच्या तोंडाशी. म्हणजे सकाळी आम्ही सगळे एकाच दिशेनं जाणार आणि संध्याकाळी एकाच दिशेनं परत येणार. पारोळ्याची पहिली एसटी आमच्या फाट्यावर सव्वाआठला यायची आणि मिलचं फाटक आठला बंद व्हायचं, त्यामुळं एसटीचा उपयोग नव्हता. ज्यांच्याकडं मोटारसायकल होती ते मोटारसायकलनं जायचे. आम्ही पाच जण सायकलवाले.

पाचांतले दोघं सख्खे भाऊ, कापसाचे ट्रॅक्टर खाली करायला. तिसरे नाना, साठी ओलांडलेले. बांधून झालेल्या रुईच्या गाठींवर ते रंगानं नंबर टाकायचे. चौथ्या अक्का, पट्ट्यावरून सरकणाऱ्या कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि कचरा वेचायचं काम त्यांच्याकडं. आणि पाचवा मी.

मी सोलापूर जिल्ह्यातला, सांगोल्याकडचा. आठवीत शाळा सोडली. कुणी काढलं नाही, कुणी जा म्हणूनही बसलं नाही, आपोआप सुटली. मग इकडंतिकडं करत चाकणला एका कंपनीत कंत्राटदाराकडं लागलो. तिथं एकदा चार मिनिटं उशीर झाला, दुसऱ्यांदा सात मिनिटं, आणि तिसऱ्यांदा गेटवरच्या माणसानं माझं ओळखपत्र हातातून घेतलं आणि परत दिलं नाही. तेव्हापासून घड्याळ माझ्या डोक्यात बसलेलं आहे. चाकणच्या खोलीत या गावचा एक जण माझ्याबरोबर राहायचा. तो म्हणाला, आमच्याकडं हंगामात जिनिंगला माणसं लागतात, जातोस का. मी आलो. घरी जायचं म्हणजे दोन गाड्या बदलून एक रात्र आणि अर्धा दिवस. आईचा फोन यायचा, जेवलास का विचारायची. मी हो म्हणायचो. जेवलो नसलो तरी.

मिलमध्ये माझ्यासाठी शब्द नानांनी टाकला होता. ओळख ना पाळख. खोली बघायला गावात आलो तेव्हा ते ओट्यावर बसून सायकलची चेन पुसत होते. मला म्हणाले, काम पाहिजे तर सकाळी माझ्यामागं ये. मी गेलो. मुकादमाला त्यांनी एवढंच सांगितलं, "पोऱ्या लांबना शे, पळी जावाव नही." म्हणजे लांबचा आहे, पळून जाणार नाही. मुकादमाला ते पटलं असावं. त्या दिवसापासून मी कामावर.

सायकल मी पारोळ्यातूनच घेतली, जुनी. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी परतताना तिची चेन उतरून मागच्या चाकात अडकली. मला सायकलचं काही येत नव्हतं. मी ती स्टँडवर लावली आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. कुणीतरी विचारेल असं वाटत होतं. चार-पाच सायकलवाले पुढून गेले, एकानं हातही केला. कुणी थांबलं नाही. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, इथली माणसंही चाकणसारखीच. शेवटी नाना आले, उतरले आणि काही न विचारता माझी सायकल उचलून उलटी केली. चाकं वर, सीट खाली.

"अशी ठेव," म्हणाले. "उभी सायकल म्हणजे माणूस बिडी पितो नाहीतर बसतो आडोशाला. त्याले कोन विचारी?"

त्यांचं बोलणं असं अर्धं माझ्यासारखं, अर्धं त्यांचं असायचं, मला कळावं म्हणून. मिनिटाभरात मागून अक्का आल्या, ब्रेक दाबला आणि पाय टेकायच्या आधीच विचारलं, "हवा का चेन?"

त्या रस्त्यावर इतकंच विचारतात, हे मला पुढं कळलं. काय झालं, कसं झालं, कुठले तुम्ही, काही नाही. हवा का चेन. उत्तरावर ठरतं की पंप काढायचा की हात काळे करायचे. त्या दिवशी चेन होती. नानांनी ती बसवली, मी दोघांचे आभार मानले. अक्का नानांना म्हणाल्या, "हाऊ आभार मानस. लगनमा उना का?"

नाना हसले. मी पुन्हा आभार मानले, कारण मला दुसरं काय करावं ते सुचेना. अक्का पुढं निघून गेल्या. त्यानंतर कित्येक दिवस माझं नाव अक्कांनी लग्नातला पाहुणा असंच ठेवलं होतं.

आता पंपाचं सांगतो. पाच जणांत हवेचा पंप एकच. त्याच्याबरोबर एक कापडी पिशवी, त्यात पंक्चरचा डबा, म्हणजे सोल्युशनची ट्यूब, रबराचे तुकडे, घासायला काचकागद आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या. हे सगळं टपरीच्या बाहेरच्या खांबाला खिळ्यावर टांगलेलं असायचं. सकाळी जो सगळ्यात शेवटी निघेल त्यानं ते घेऊन निघायचं. पुढं कुणी पंक्चर होऊन बसलेला असेल तर शेवटचा माणूस त्याच्यापर्यंत पोचणारच. पहिल्यानं पंप नेला तर त्याचा उपयोग फक्त पहिल्याला. संध्याकाळीही तसंच, मिलमधून शेवटी निघेल त्याच्याकडं, आणि गावात आलं की परत खिळ्यावर. किती वर्षं हे चाललंय ते विचारलं तर नाना म्हणायचे, पंप तिसरा आहे, खिळा पहिलाच आहे.

शेवटी बहुतेक अक्काच असायच्या. घरचं सगळं आवरून त्या सव्वासातला निघायच्या आणि तरीही आठच्या आत पोचायच्या, इतक्या जोरात सायकल मारायच्या. नाना त्यांच्या आधी दहा मिनिटं. दोघं भाऊ सातला. आणि मी सहाला.

सहाला निघायचं काहीच कारण नव्हतं. टपरी उघडलेली नसायची. हायवेवर ट्रकचे दिवे, थंडीनं कान दुखायचे, बाजूच्या शेतात दादर ज्वारी उभी असायची नुसती काळी. पावणेसातला मी मिलच्या फाटकासमोर जाऊन बसायचो. वॉचमन आतून म्हणायचा, "अरे, मालक तरी इतक्या लवकर येतो का?" मी म्हणायचो, सवय आहे. सवय नव्हती, भीती होती. पण सहाला निघणारा मी कधीच शेवटचा नसायचो, त्यामुळं पंप माझ्या हातात कधी आलाच नाही. नियम मला माहीत होता. अगदी व्यवस्थित माहीत होता. हे लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते माहीत नसल्यामुळं झालं असं कुणाला वाटायला नको.

त्या हंगामात मुकादमानं एक नवीन गोष्ट आणली. आठला फाटक बंद, आणि उशिरा येईल त्याच्या नावापुढं फुली. तीन फुल्या झाल्या की पुढच्या हंगामाच्या यादीत नाव नाही. मुकादम वाईट माणूस नव्हता. पारोळ्याचाच, नीट बोलणारा. त्यालाही वरून कुणीतरी सांगितलेलं असणार. पण त्यानं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एकदम नानांकडं बघितलं, कारण सगळ्यात हळू नाना. त्यांना शेती नव्हती. हंगामाचे चार-पाच महिने मिल, बाकी वर्ष मिळेल ते. दुसऱ्या कुठल्या मिलनं त्यांना त्या वयात घेतलं नसतं. गाठीवर नंबर टाकायचं काम तेवढं बसून करण्यासारखं होतं, आणि नानांचे आकडे छापल्यासारखे यायचे म्हणून ते टिकून होते.

संक्रांतीपर्यंत नानांच्या दोन फुल्या झाल्या. एक, बायकोला धुळ्याला दवाखान्यात नेलं होतं, तिथून ते सकाळी परत येऊन मिलला आले त्या दिवशी. दुसरी, धुक्याच्या दिवशी. धुक्यात ते सायकल हातात धरून चालत आले होते, ट्रकच्या भीतीनं. तिसरी व्हायला नको एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ते बोलायचे नाहीत, पण पाच मिनिटं आधी निघायला लागले होते.

फेब्रुवारीतली गोष्ट. आदल्या संध्याकाळी माझ्या मागच्या चाकातली हवा कमी वाटली. घरी येऊन बघितलं, बोटानं दाबलं, ठीक वाटलं. झोपायच्या आधी परत दाबलं, जरा मऊ वाटलं. सकाळी उठून परत. हवा हळूहळू जात होती की मला तसं वाटत होतं, ते आजही सांगता येणार नाही. सहाला फाट्यावर आलो. टपरी बंद. खिळ्यावर पंप. मी पंप काढला, चाकात हवा भरली. चाक दगडासारखं झालं. आता पंप परत टांगायचा आणि निघायचं.

मी पंप हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो. वाटेत हवा गेली तर? माझ्यामागं पहिले निघणारे ते भाऊ, तेही सातला. म्हणजे मी तासभर रस्त्यावर. अक्का पंप घेऊन येईपर्यंत सव्वा तास. मग म्हटलं, आज एक दिवस नेला तर काय होतंय. गेला महिनाभर कुणाचं पंक्चर झालं नव्हतं. मी पंप आणि पिशवी कॅरियरला लावली, वरून माझं जुनं जॅकेट बांधलं. जॅकेट का बांधलं? थंडी होती, जॅकेट अंगात पाहिजे होतं. ते मी पंपावर बांधलं.

मिलला नेहमीसारखा पावणेसातला पोचलो. चाकाला काहीही झालं नाही.

मिलमध्ये मोबाईल आणि काडेपेटी आत न्यायला बंदी, रुईला आग लागते म्हणून. फाटकातच एक लाकडी पेटी असते, फोन तिथं टाकायचा आणि हजेरीत सही करायची. सही झाली की बाहेर जायचं नाही. साडेसातला मी फोन टाकून सही केली. दोघं भाऊ आले, त्यांनीही टाकले. नंतर पेटीतला एक फोन बराच वेळ वाजत होता. वॉचमन म्हणाला, कुणाचा तरी वाजतोय, आणि तसाच वाजू दिला.

पावणेआठला अक्का आल्या. एरवी त्या यायच्या तर गाणं नाहीतर शिवी तोंडात असायची. त्या दिवशी दम लागलेला. सायकल फाटकालाच टेकवली आणि आत उभ्या असलेल्या सगळ्यांना विचारलं, "पंप कोनाजोडे शे?"

भाऊ एकमेकांकडं बघायला लागले.

"नाना मोरीजोडे बशेल शे. पंक्चर. खिळावर पंप नही. माले वाटनं तुमनाजोडे शे." हे त्या भावांना होतं. भाऊ म्हणाले, आम्ही खिळ्याकडं बघितलंच नाही, पंप आम्ही का नेऊ.

मोरी म्हणजे हायवेखालचा ओढ्याचा छोटा पूल, फाटा आणि मिलच्या साधारण मध्यावर. अक्का पुढं सांगत होत्या की, मी डबलसीट बस म्हटलं तर नाना सायकल सोडायला तयार नाहीत. एक मोटारसायकलवालाही थांबला होता, त्यालाही नाही म्हणाले. पारोळ्याच्या बाजारातून एकदा त्यांची सायकल गेली होती. तेव्हापासून ते तिला रस्त्यावर एकटी सोडायचे नाहीत. आणि ही पण गेली तर उद्यापासून येणार कशावर.

माझी सायकल आत शेडमध्ये, जॅकेट बांधलेली. कुणाला काही दिसत नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर कळलंही नसतं. संध्याकाळी पंप हळूच खिळ्यावर टांगला असता तर सगळे म्हणाले असते, कुणी नेला, कुणी आणला. हे सगळं माझ्या मनात आलं. पटकन आलं, पण आलं. मग मी म्हणालो, "माझ्याकडं आहे."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "अक्का, तुम्ही घेऊन जाता का? माझी सही झाली आहे."

"मी जाऊ? मना पाय दख, नि मंग बोल." त्या फाटकाला टेकून उभ्या राहिल्या. "नेना कोनी? तू. मंग तूच जाय."

वॉचमन म्हणाला, सही झाल्यावर जाता येणार नाही. मी म्हणालो, मी येतो परत. तो म्हणाला, आठला फाटक लावणार, मग माझ्या नावानं ओरडू नको. मी सायकल काढली. चाकणचं गेट डोळ्यापुढं आलं. पण पाय चालत होते.

आयुष्यात इतक्या जोरात सायकल मी कधी मारली नाही. उलट्या बाजूनं मारत होतो, समोरून ट्रक येत होते आणि भोंगे वाजवत होते. मोरीवर पोचलो तेव्हा आठला पाच मिनिटं कमी होती. नानांची सायकल उलटी, चाकं वर. नाना कठड्यावर बसलेले. मला बघून उठले.

"तू कायले उना? तुना फाटक बंद व्हई."

मी म्हणालो, "नाना, पंप माझ्याकडं होता. मी सकाळी नेला होता. तुम्ही माझी सायकल घ्या आणि जा, तुमचं पंक्चर काढून मी मागून येतो."

नानांनी खिशातून फोन काढला, त्यावर वेळ बघितली आणि फोन परत ठेवला. चार किलोमीटर पाच मिनिटांत त्यांच्यानं होणार नव्हतं, माझ्यानंही झालं नसतं. "आते काय उपयोग," म्हणाले. "आन तो डबा."

मग आम्ही पंक्चर काढलं. मला घाई झाली होती आणि त्यांना मुळीच नव्हती. ट्यूब बाहेर काढली, हवा भरली. त्यांनी बाटलीतलं पाणी हातावर घेऊन ट्यूबला लावलं आणि बुडबुडे कुठं येतात ते बघितलं. मी लगेच काचकागद घेतला. त्यांनी माझा हात धरला. "आधी काटा काढ. काटा टायरमा ऱ्हायना तर नवी ट्यूबबी फुटी." त्यांनी टायरच्या आत हळूहळू बोट फिरवलं आणि बाभळीचा अर्धा काटा काढून माझ्या हातावर ठेवला. मग घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, सुकू दिलं, तुकडा दाबला. एकही पायरी त्यांनी सोडली नाही. मी मनातल्या मनात मिनिटं मोजत होतो. आठ वाजून गेले होते तरी मोजत होतो.

निघताना ते म्हणाले, "तू पहिला जास. मांगे कोन शे, ते तुले दिसस नही." रागानं नाही म्हणाले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांच्याकडून ओरडा खायची तयारी मी करून आलो होतो.

मिलला पोचलो तेव्हा साडेआठ. फाटक बंद. वॉचमननं मुकादमाला बोलावलं. मुकादम वही घेऊनच आला. मी त्याला सगळं सांगितलं, पंप, खिळा, जॅकेट, सगळं. तो ऐकून घेत होता. म्हणाला, "पंप तुमचा, नियम तुमचा, सायकल तुमची. माझ्याकडं फक्त फाटक आहे."

मी म्हणालो, "चूक माझी आहे, फुली मला करा."

"तुला करतोच आहे. सही करून बाहेर गेलास." त्यानं माझ्या नावापुढं फुली केली, मग नानांच्या. नानांची तिसरी. नाना तिथंच उभे होते. त्यांनी वहीत डोकावून बघितलं, आकडे बघायची सवय असावी, आणि सायकल वळवली.

आत सरकीच्या ढिगाआडून अक्कांचा आवाज आला, "लिख, लिख. सायबाले दखाड." मुकादमानं वही मिटली. तो अक्कांना घाबरायचा.

आम्ही दोघं गावाकडं परतलो. त्या दिवसाचं काम गेलं, ते जाऊ द्या. वाटभर मी त्यांच्या मागं होतो. फाट्यावर आल्यावर मी पंप काढून खिळ्यावर टांगला. टपरीवाला बघत होता. नानांनी दोन चहा सांगितले. मी बोलायला लागलो की ते म्हणायचे, "च्या पी."

हंगाम संपेपर्यंत नाना आणि मी कामावर होतो. फुल्या त्या हंगामाला लागत नव्हत्या, पुढच्याला लागत होत्या. दुसऱ्याच दिवशी मी मुकादमाला गाठलं होतं. तो म्हणाला होता, यादी दिवाळीच्या आधी करतो, तेव्हा बघू. मधले महिने मी यावलला केळीच्या गाड्या भरायला गेलो. तिकडची बोली आणखी वेगळी, मला निम्मी कळायची नाही. घड खांद्यावर घेतला की मला मोरी आठवायची. नाना काय करत असतील हे विचारायला फोन करावा वाटायचा आणि करायचो नाही. एकदा केला. ते म्हणाले मिरच्या तोडायला जातो, कंबर धरते, तुझं कसं चाललंय. मी म्हणालो, बरं चाललंय. घरी आईला सांगतो तसंच.

दिवाळीच्या आधी मी गावात परत आलो. मुकादम टपरीवर बसून यादी करत होता. माणसं भोवती. त्यानं भावांची नावं घेतली, अक्कांचं घेतलं, माझं घेतलं. मी म्हणालो, "आणि नाना?"

"तीन फुल्या आहेत."

"तिसरी माझी आहे. माझ्या नावावर दोन लिहा."

"तसं होत नाही."

"मग माझंही काढा," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण त्यानं काढलं असतं तर मी कुठं जाणार होतो? परत चाकणला? टपरीवाल्यानं त्याच्यापुढं चहा ठेवला, तो त्यानं पिऊन संपवला.

"तू हमी घेतोस का?" तो म्हणाला. "नाना एक दिवस जरी उशिरा आले तर दोघांचीही नावं गेली. एकच दिवस. तीन नाही."

अक्का मागून म्हणाल्या, "घे की. गया साल तूच व्हता ना पहिला."

मी हो म्हणालो. मुकादमानं नानांचं नाव माझ्या नावाखाली लिहिलं आणि दोन्हींना एक कंस काढला. नाना तिथं नव्हते. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माले न विचारता हो म्हनस." मग म्हणाले, किती वाजता निघायचं.

मी सहा म्हणालो. ते हसले आणि सात ठरलं. अक्कांनी परस्पर सांगून टाकलं की, यंदा मी आणि भाऊ तुमच्या दहा मिनिटं आधी निघतो, पंप तुम्ही दोघांनी न्यायचा. म्हणजे शेवटचे आम्ही. आजवर तेवढा त्रास मला कशाचा झाला नाही. नाना एका लयीत पायडल मारायचे, ना कमी ना जास्त. मी त्यांच्या मागं. माझा फोन मी शर्टच्या वरच्या खिशात ठेवायचो, काच बाहेर करून, खाली बघितलं की वेळ दिसावी म्हणून. नाना म्हणायचे, पुढं बघ, खड्ड्यात जाशील.

हंगाम सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मोरीच्या पुढं एक माणूस दिसला, सायकल उलटी. आमच्यातला नव्हता. कॅरियरला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या घागरी बांधलेल्या, खेड्यात विकायला निघालेला, परप्रांतातला वाटत होता. साडेसातला सात मिनिटं कमी होती. नानांनी ब्रेक दाबला.

"नाना," मी म्हणालो. "आपलं दोघांचं नाव आहे."

"म्हनून तं सांगस, दोनी जन हात लाव, लवकर व्हई."

चेन होती. फ्रीव्हील आणि फ्रेमच्या मध्ये रुतून बसली होती, घागरींच्या वजनानं आणखीच. माणसाला आमची भाषा येत नव्हती, तो फक्त चाक धरून उभा राहिला. नानांनी टायरच्या पट्टीनं चेन वर उचलली, मी पायडल उलटं फिरवलं. एकदा सुटली, परत अडकली. दुसऱ्यांदा बसली. सायकल सुलटी केल्यावर त्या माणसानं हात जोडले. मी मान हलवली आणि सायकलवर बसलो. नाना त्याला हातानं खुणावून सांगत होते की, चेन ढिली आहे, पुढं गेल्यावर दुकानात घट्ट करून घे. तेही सगळं सांगून झाल्यावरच ते निघाले.

नंतरचे चार किलोमीटर मी त्यांच्या मागं होतो. एकदाही खिशाकडं बघितलं नाही. बघून उपयोग नव्हता, त्यांचा वेग तोच राहणार होता. मिल दिसली तेव्हा वॉचमनचा हात फाटकावर होता आणि मुकादम घड्याळ बघत बाहेर उभा होता. नाना तसेच, त्याच लयीत, त्याच्या बाजूनं आत गेले. मी मागून.

मुकादम म्हणाला, "दोन मिनिटं राहिली होती."

नाना रंगाचा डबा आणायला गेले. मी सायकल शेडमध्ये लावली, फोन पेटीत टाकला, सही केली. दोन्ही हात ग्रीसनं काळे होते. तसल्या हातानं रुईला शिवलेलं चालत नाही, डाग पडतो. हात धुवायला मी नळावर गेलो, आणि मागं फाटक लागल्याचा आवाज आला.